आठची बोट

आठ वाजून दीड मिनिट झालं होतं. घड्याळाने बघा, सरकारी वेळापत्रकाने बघा, नाहीतर देवाला स्मरून बघा, केरीची फेरीबोट एव्हाना तेरेखोल नदीच्या मधोमध असायला हवी होती. पण नाही! ती आपली धक्क्यालाच. इंजिन धडधडतंय, लोखंडी फळी काठाला टेकलेली, आत एक टेंपो, चार स्कूटर आणि दहा-बारा माणसं खोळंबलेली. आणि काठाशी दोरी धरून एक उंच, सावळा खलाशी रस्त्याकडे बघत दुसरा हात जोरजोरात हलवतोय.

"ये गो, ये! बेगीन ये! रावलंय तुझ्यासाठी!"

क्षमा उतारावरून सुसाट येत होती. तिने तो हलणारा हात बघितला आणि तिच्या पायांतलं बळच गेलं. थकव्याने नव्हे हो, संतापाने. ब्रेक करकचले, सायकल फळीवर येऊन उभी राहिली, आणि धाप लागलेल्या अवस्थेतच ती कडाडली,

"तुम्हाला कोणी सांगितलं थांबायला?"

खलाशी हसतच होता. चार माणसांसमोर कुणी ओरडलं तरी हसत राहणारी काही माणसं असतात ना, त्यांतला हा. "हाक ऐकली," तो म्हणाला.

"मी हाक मारलीच नाही!"

"मारूक लागणा नाय. माणूस धावतंना दिसलो, की हाक ऐकली म्हणूची. आमच्या नार्व्याच्या बोटीर तसांच आसा."

"मग नार्व्यालाच थांबत जा! माझी बोट चुकायला हवी होती. आज मला ती मिळायलाच नको होती, कळलं?"

तेरेखोलला एका गेस्टहाउसच्या स्वयंपाकघरात कामाला जाणारी पद्मावतीबाय डबा मांडीवर घेऊन बसली होती, तिने कपाळाला हात लावला. वरच्या केबिनमधून बोटीचा चालक धाकूमामा वाकून बघू लागला. आयुष्यभर त्याने बोट चुकली म्हणून रडणारी माणसं बघितली होती. मिळाली म्हणून भांडणारी ही पहिलीच.

आता ही क्षमा कोण, ते सांगते. पालयेच्या गुरुदास मास्तरांची एकुलती एक लेक. नाव क्षमा, आणि आजतागायत तिने कुणालाही क्षमा केल्याचं ऐकिवात नाही. एरवी ती गावासारखंच बोलायची, पण एकदा का राग चढला की मास्तरांची पुस्तकी मराठी तोंडातून बाहेर पडायची, तीसुद्धा शुद्ध, जोडाक्षरांसकट. त्यामुळे घरात आई तिच्या बोलण्यावरूनच हवामान ओळखायची.

आणि ती सायकलच्या शर्यती करायची. गावच्या जत्रेतल्या नव्हेत. गेलं वर्षभर ती बेल्जियममध्ये एका छोट्या संघाकडून धावत होती. तिथे सायकलची शर्यत म्हणजे काय, ते पालयेत कुणाला पटवून देता देता तिचा जीव मेटाकुटीला आला होता. "एवढी सायकल मारून खंय जातंस गो?" हा पहिला प्रश्न. "खंय जायत नाय, परत येतंय," हे तिचं उत्तर. त्यावर दुसरा प्रश्न, "मगे जातंस कित्याक?" शिवाय एवढी महागाची सायकल, तिला ना घंटी, ना स्टँड, ना कॅरिअर... शेजारच्यांना तर दुकानदाराने मास्तरांना फसवलंय याची खात्रीच होती.

घरी आईची वेगळी तऱ्हा. क्षमा भात वजनकाट्यावर मोजून वाढून घ्यायची, ते बघून आईचा जीव तीळतीळ तुटायचा. "माझ्या घरात भात मोजून वाढतत! कोणी बघितलां तर काय म्हणतीत?" असं म्हणत ती काट्यावरच्या वाटीत गुपचूप आणखी एक घास टाकायची. आकडा बदलायचा. क्षमा ओरडायची. रोज.

पण खरं दुखणं भाताचं नव्हतं. खरं दुखणं दहा मीटरचं होतं.

तिकडे सपाट माळरानावर वारा आडवा येतो. मग सगळ्या बायका एकमेकींच्या आडोशाने तिरकी रांग धरून पळतात, पुढचीच्या मागच्या चाकाला चिकटून. चाक धरलं तर तुम्ही शर्यतीत. चाक सुटलं, मध्ये दहा मीटर वारा आला, की संपलं. क्षमाचं तेच व्हायचं. पायांत जोर होता, छातीत दम होता, पण ते दहा मीटर दिसले की तिच्या आतलं कुणीतरी म्हणायचं, जाऊ दे, गेल्या त्या. अकरा शर्यतींपैकी सात तिने अशाच सोडल्या होत्या.

तिची प्रशिक्षक लीसबेट. पन्नाशीची, आखूड केसांची, हसणं माहीतच नसलेली बाई. ऑक्टोबरात क्षमा घरी परतताना तिने स्पष्ट सांगितलं होतं, "घड्याळाशी तू तडजोड करतेस. तिकडे असं काहीतरी शोध, जे तुला सोडून निघून जाईल. आणि त्याला रोज गाठ. जानेवारीअखेर मी आकडे बघेन. संघात पुढच्या वर्षी सहाजणी घेणार. पाच ठरल्यात."

सहावी जागा. ती मिळाली तर युरोपातलं दुसरं वर्ष. नाही मिळाली तर बॅग माळ्यावर, आणि आई म्हणते तो वास्कोचा बँकवाला नवरा.

क्षमाने शोधलं. तिला केरीची आठची बोट सापडली. सहाला घरून निघायचं, पावणेदोन तास सराव करून पाय पुरते भाजून काढायचे, आणि मग आठला साडेसात मिनिटं उरली की पालयेच्या तिठ्यावरून पाच किलोमीटर कापून बोट गाठायची. मिळाली तर पलीकडे उतरून रेडी, आरोंदा, किरणपाणीच्या पुलावरून फिरून घरी. चुकली तर धक्क्यावर अर्धा तास स्वतःला शिव्या देत बसायचं. बोट म्हणजे पळून जाणारी ती रांग, आणि फळी म्हणजे पुढचीचं चाक. कसं छान जमवलं होतं!

त्यात हा नार्व्याचा दाता कर्ण दोरी धरून उभा.

* * *

दुसऱ्या दिवशीही बोट थांबली. आठ वाजून एक.

"आज कोणी हाक मारली?" क्षमाने दात आवळून विचारलं.

"कोणी नाय. पद्मावतीबायचो डबो पडलो. कालवण सांडलां."

पद्मावतीबायने आपल्या शाबूत डब्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि नदीकडे तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी फळीवर कुत्रा झोपला होता म्हणे. चौथ्या दिवशी दोरीची गाठ सुटत नव्हती. पाचव्या दिवशी धाकूमामाचा चष्मा हरवला, जो धाकूमामाच्या नाकावर होता. सहाव्या दिवशी क्षमाने सायकल कठड्याला टेकवली आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमचं नाव काय?"

"गौरेश. तक्रार करूची आसा?"

"हो!"

"कसली लिवतलंस? खलाशी वाईट आसा, बोट थांबवता, म्हाताऱ्यांका हात देता..."

खरंच की. या तक्रारीचा कागद कुठल्याही साहेबापुढे ठेवला असता तर साहेबाने गौरेशचा सत्कारच केला असता. तिला इतका राग आला... आणि रागाच्या मधोमध कुठेतरी, नको त्या ठिकाणी, हसू आलं. ते तिने दाबलं. पण त्याने बघितलंच.

"आणि नाव कोणी ठेवलां गो तुझा, क्षमा?" तो हळूच म्हणाला. नाव त्याला पद्मावतीबायनेच सांगितलं असणार.

"'तुझं' नाही, 'तुमचं'!"

"बरां. तुमचा नाव कोणी ठेवलां गो?"

त्या दिवशी ती रेडीपर्यंत स्वतःशीच भांडत गेली.

सातव्या दिवशी एक गंमत दिसली. कठड्याला, नेमकी ती सायकल टेकवायची तिथे, जुन्या टायरचा तुकडा सुतळीने घट्ट बांधलेला होता. सायकलीचा रंग खरवडू नये म्हणून. कुणी बांधला, ते कुणी सांगितलं नाही. गौरेश पलीकडच्या टोकाला उभा राहून आकाशात काहीतरी फार महत्त्वाचं बघत होता.

"तुम्हाला दुसरी कामं नाहीत का?" क्षमा म्हणाली. पण सायकल तिने तिथेच टेकवली.

* * *

डिसेंबर सरला, आणि एका सकाळी लीसबेटचा संदेश आला. क्षमाच्या सायकलवरचं यंत्र पायांचा जोर, वेग, ठोके सगळं मोजायचं आणि ते आकडे आपोआप तिकडे पोचायचे. लीसबेटने लिहिलं होतं, "रोज शेवटच्या तीनशे मीटरमध्ये तू हळू होतेस. गेल्या वर्षीसारखीच. तुमच्याकडच्या बोटी थांबतात का? असंच चालायचं असेल तर मी सहावी दुसरी शोधते."

क्षमाने तो संदेश धक्क्यावर बसून वाचला. आठची बोट समोर उभी होती, अर्थात तिच्यासाठीच. आणि मग तिला रडू आलं. मोठ्याने, नाक ओढत, शोभा होईल असं.

तशीच ती बोटीत चढली आणि बोट सुटली. पलीकडे पोचायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं गौरेश तिच्याशेजारी उकिडवा बसून होता. खिशातून एक सालदाटी केळं काढून त्याने तिच्यापुढे धरलं.

"मोजून खातलंस?"

तिने ते हिसकावून घेतलं आणि दोन घासांत संपवलं. मग तिने त्याला सांगितलं. पहिल्यांदाच नीट सांगितलं. आडवा वारा, तिरकी रांग, दहा मीटर. सात वेळा सोडलेल्या शर्यती. गुडघ्याला टाके घालून, ओले मोजे काढत एका बेकरीच्या वरच्या खोलीत बसलेली संध्याकाळ, जेव्हा पालयेत पाव विकत फिरणाऱ्या पोदेराच्या भोंग्याची आठवण येऊन पाव खाववला नव्हता. आणि हेही, की तिला पाय दमल्याची भीती वाटत नाही. कुणीतरी आपल्याला सोडून पुढे जातंय, हे बघायची भीती वाटते.

"तू थांबतोस ना," ती म्हणाली, "तेव्हा मला लांबूनच कळतं की तू थांबणार. मग पाय आपोआप सैल पडतात. तू चांगलं करतोयस रे! आणि त्या चांगुलपणाने माझं वाटोळं होतंय."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. पद्मावतीबायच्या मात्र आलं.

गौरेश पाण्याकडे बघत म्हणाला, "माझो बापूय नार्व्याच्या बोटीर होतो. तीस वर्सां. आमच्याकडे पलीकडसून देवदर्शनाक येणारी माणसां. कोणाची म्हातारी आवय, कोणाचा तान्ह्या पोर. बापूय सांगायचो, हाक ऐकली तर दोरी सोडूची नाय. एकदा त्याणें सोडली. घाईत. काठार एक माणूस उभो होतो, तेची बायल पलीकडे आजारी होती..." तो थांबला. "नंतर बापूय त्या माणसाच्या डोळ्यांक डोळो देवूक शकलो नाय. माका जमणां नाय गो, कोणाक काठार सोडून जावप."

हे असलं काही ऐकल्यावर माणसाने रागवायचं तरी कसं? आणि न रागवून तरी कसं चालेल? जानेवारी अठ्ठावीसला लीसबेट शेवटचे आकडे बघणार होती.

"तुला जमवायला लागेल," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्यासाठी."

बोट पलीकडच्या धक्क्याला लागली. गौरेशने फळी खाली सोडली.

"बरां," तो म्हणाला. "उद्यांसून घड्याळ."

* * *

दुसऱ्या दिवशी क्षमा वळणावर आली तेव्हा बोट काठापासून वीसेक हात आत गेली होती. बरोबर आठला सुटलेली. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

"अरे!" ती ओरडली. मग आठवलं, की आपणच सांगितलं होतं. मग त्याचाच राग आला. सांगितलं म्हणून काय इतकं लगेच ऐकायचं? अर्धा तास ती धक्क्यावर फेऱ्या मारत राहिली, आणि काठावर तिच्याबरोबर पंचायतीतला शिपाई, दोन पर्यटक आणि चक्क पद्मावतीबायही अडकली होती.

"काय केलंस गो तू तेका?" पद्मावतीबाय तणतणली. "बारा वर्सां मी आठाची बोट आठ-दोनाक पकडतंय! कधी नाय ती आज बोट आठाक सुटली! अख्ख्या पेडणे तालुक्यात असां कधी झालां होतां?"

आणि हे रोज होऊ लागलं. गावभर बोंब झाली. केरीची बोट वेळेवर सुटते, म्हणजे काय चाललंय काय? शिपायाने घड्याळ पुढे करून घेतलं. पद्मावतीबाय दहा मिनिटं आधी येऊन मोठमोठ्याने उसासे टाकू लागली. आणि क्षमा... क्षमा वेडीपिशी होऊन पळत होती. वीस हातांवर चुकली, मग दहा हातांवर, मग दोरी सुटता सुटता. एकदा मिळाली, दोनदा चुकली, परत मिळाली. गतिरोधकांना शिव्या, रस्त्यात बसलेल्या गुरांना शिव्या, भाड्याच्या स्कूटरवरून रांगत जाणाऱ्या पर्यटकांना तर खास शिव्या.

पण एक गोष्ट तिला खटकत होती. हल्ली ती येताना दिसायच्या आत गौरेश रस्त्याकडे पाठ करून उभा राहायचा. हात दोरीवर, नजर केबिनला टांगलेल्या घड्याळावर. वळून म्हणून बघायचा नाही.

एकदा बोट मिळाल्यावर तिने विचारलंच. "पाठ का फिरवतोस? माझं तोंड एवढं वाईट आहे?"

त्याने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सावळ्या माणसाच्याही होतात, बघणारं कुणी असलं तर दिसतात.

"तोंड बघितलां," तो पुटपुटला, "तर दोरी सुटणां नाय."

इंजिनाची धडधड, पाण्याचा खारट वास, समोर तेरेखोलच्या किल्ल्यावर पडलेलं कोवळं ऊन. क्षमाने हेल्मेटचा पट्टा उगाचच सोडला आणि परत लावला.

"आणि हेची सकाळपाळी गेल्या महिन्यातच संपली होती," वरून धाकूमामाने खडा टाकला. "बाकीच्यांका चाय पाजून पाजून पाळी बदलून घेता. माका वाटलां, पोराक सूर्योदय आवडता!"

"मामा!" गौरेश ओरडला.

"बोट चालवतंय मी. माका काय आयकूक येणां नाय," धाकूमामा म्हणाला आणि उगीचच भोंगा वाजवला.

* * *

अठ्ठावीस जानेवारी. क्षमाने आईने चोरून घातलेला घाससुद्धा त्या दिवशी मुकाट्याने खाल्ला. लीसबेटचा निरोप छोटाच होता: आज शेवटचे तीनशे मीटर. बाकी मला काही नको.

तिठ्यावरून ती निघाली तेव्हा मांड्या आधीच पेटलेल्या होत्या. पहिले दोन किलोमीटर बरे गेले. तिसऱ्याला एक म्हैस आडवी आली, आणि तिच्या मालकाने वर क्षमालाच विचारलं, "खंय चललंस?" चौथ्याला समोरून वारा सुटला. नदी दिसली. बोट दिसली. आणि बोटीवर त्याची पाठ दिसली.

शेवटचे तीनशे मीटर. इथेच रोज आतलं ते कुणीतरी बोलायचं. आजही बोललं, जाऊ दे, साडेआठची आहे. क्षमाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिला त्या पाठीचा राग आला होता. माझ्याकडे पाठ करून हा असा निघून जाणार? बघतेच कसा जातोस! ती सीटवरून उठली, दात आवळले, आणि अख्ख्या वर्षाचा, सात शर्यतींचा, भाताच्या वाटीचा, म्हशीचा, सगळ्या सगळ्याचा राग तिने पायांत ओतला.

चाक फळीवर आदळलं, ते इंजिनाच्या धडधडीत कुणाला ऐकूही आलं नाही. मध्ये उभ्या टेंपोच्या आडून ती थेट पलीकडच्या कठड्यापर्यंत घसरत गेली आणि टायरच्या तुकड्याला धरून खाली बसली. डोळ्यांपुढे काळोख. तोंडातून शब्द फुटेना. पद्मावतीबाय ओरडणार होती. क्षमाने ओठांवर बोट ठेवलं, कारण तिला आधी श्वास हवा होता.

घड्याळात आठ वाजले.

गौरेश पाठमोरा उभा होता. दोरी त्याच्या हातात होती. रोजची ती ब्रेकची करकर त्याने ऐकली नव्हती.

धाकूमामाने भोंगा दिला. गौरेश हलला नाही.

"सोड रे!" शिपाई म्हणाला. "आठ झाले!"

गौरेशने दोरीला आणखी एक वेढा दिला.

"थांबा," तो म्हणाला. आवाज फाटलेला होता. "एक मिनिट रावा. हाक ऐकू येता."

"कोणाची हाक?" शिपायाने रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. "कोण नाय मरे थंय!"

"येता म्हणून सांगतंय ना! आज तिका चुकूक नाका. तिची परीक्षा आसा आज. माका तिणें सांगलां होतां, थांबू नको म्हणून, मी आयकलां, महिनोभर आयकलां... आज माका जमणां नाय. तिची बोट आज सोडून गेली तर... नाय. मी नाय सोडणां."

पद्मावतीबायने पदर तोंडात कोंबला होता, आणि तो हसू दाबायला की रडू, ते तिचं तिलाच ठाऊक.

टेंपोच्या आडून एक धाप लागलेला आवाज आला.

"गौरेश."

आजवर तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती.

तो गर्रकन वळला. क्षमा टेंपोला धरून उभी होती. घामाने निथळत, चेहरा लालबुंद, हेल्मेट तिरकं.

"सोड दोरी," ती म्हणाली. "मी आहे आत."

दोरी सुटली. बोट निघाली. त्यानंतर मिनिटभर दोघं एकमेकांकडे नुसती बघत राहिली आणि बाकीची मंडळी फार आवडीने नदी बघू लागली.

"खोटारड्या," शेवटी क्षमा म्हणाली. "कोणी हाक मारली होती?"

"तू नाय मारलंस? मगे माका कशी ऐकू इली?"

"मला तू आवडतोस," क्षमा म्हणाली. तिला हे असं, घामाच्या धारांत, शिपायासमोर म्हणायचं नव्हतं. "अतिशय आवडतोस. आणि मला त्याचा भयंकर संताप येतो आहे!"

"माका ठाऊक आसा," गौरेश म्हणाला. "राग इल्याबगर तू इतक्या शुद्ध बोलणां नाय."

"संघात घेतलं तर आठ महिने मी इथे नसणार. ऐकतोयस का? आठ महिने!"

"आयकतंय. नाय घेतलां, तर त्या बायचो नंबर माका दी. मी बोलतंय तिच्याशी."

क्षमाला इतकं हसू आलं की तिची धाप परत चढली. त्याने तिचा हात धरला. हातमोजा ओला होता, बोटं सुजलेली होती, आणि त्याच्या तळव्याला दोरीचे घट्टे होते. पाच मिनिटांचा प्रवास. तेवढा त्यांना पुरला.

तेरेखोलच्या धक्क्यावर फोन वाजला. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते, पण लीसबेट जागीच होती. तिने लिहिलं होतं, "फाइल मिळाली. शेवटच्या तीनशे मीटरमध्ये तू पहिल्यांदाच हळू झाली नाहीस. पाच मार्चला हजर हो. आणि त्या बोटवाल्याला सांग, धन्यवाद."

* * *

एप्रिलातल्या एका रविवारी, तिकडे दुपारी आणि पेडण्यात संध्याकाळी, क्षमा आडव्या वाऱ्यात पळत होती. शेवटचे बारा किलोमीटर. पुढे एक उंच डॅनिश मुलगी, तिच्या मागच्या चाकाला क्षमा. वारा फिरला, रांग ताणली, आणि चाक सुटलं. दोन मीटर, पाच मीटर. दहा.

समोर पाठ दिसत होती. पाठ करून जाणाऱ्यांचा तिला किती राग येतो, हे त्या बिचाऱ्या डॅनिश मुलीला काय माहीत! क्षमा सीटवरून उठली.

ती नववी आली. पहिल्या घोळक्यात, पहिल्यांदाच. लीसबेटने तिच्या पाठीवर थाप मारली आणि जवळजवळ हसली.

संघाच्या गाडीत बसून, गुडघ्यावरचा चिखल सुकत असताना, तिने फोन उघडला. आईचे सहा निरोप होते.

"काय चल्लांय ह्यां? सातची बोट अजून केरीकच! तुझी शर्यत फोनार दिसता म्हणून त्याणें दोरी सोडली नाय. सगळी बोट भरून माणसां फोनात तोंड घालून बसली. शिपाई नाचता. पद्मावतीबाय माका फोन करून गाळी घालता आणि वर विचारता, पोर पुढे आसा की मागे! सव्वासात झाले! मास्तर पण थंयच जावन बसले!"

क्षमाने डोळे मिटून घेतले. या माणसाचं काय करायचं? सरकारी बोट, रविवारची गर्दी, साहेबाने विचारलं तर काय सांगणार हा? तिने नंबर लावला. पलीकडे इंजिनाची धडधड, शिट्ट्या, धाकूमामाचा भोंगा आणि त्या सगळ्यातून त्याचा श्वास.

"तुका कोणी सांगलां रावूक?" ती म्हणाली. आणि स्वतःच्याच कानाला जाणवलं, की हे पुस्तकी मराठीत आलं नव्हतं.

गौरेश हसत होता. "हाक ऐकली."

या खेपेला ती 'मी हाक मारलीच नाही' असं म्हणाली नाही.